ब्यूकर युंगमान: आभासी उड्डाणात हे प्रशिक्षण विमान शिकण्याचा क्रम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन हवाई दलात दाखल झालेल्या असंख्य तरुणांनी उड्डाणाचे पहिले धडे ब्यूकर ब्यू 131 ‘युंगमान’ या दोन आसनांच्या द्विपंखी विमानात गिरवले. आज संगणकावरील सिम्युलेटरांसाठी या विमानाच्या प्रतिकृती उपलब्ध आहेत आणि छंद म्हणून उडणाऱ्यांना त्या हाताळता येतात. ज्यांच्याकडे सिम्युलेटर आणि जॉयस्टिक आहे, आधुनिक तीनचाकी विमान जे बऱ्यापैकी उडवतात, पण शेपटीवर टेकून उभे राहणारे विमान ज्यांनी कधी हाताळलेले नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. युंगमान हे पायांचे विमान आहे, ही एकच गोष्ट आरंभी मनात पक्की ठेवावी. रडर म्हणजे नाक डावीकडे-उजवीकडे वळवणारे, पायांनी चालवायचे शेपटीवरचे पाते. त्याकडे दुर्लक्ष करून विमान हवेत नेता येईल, पण धावपट्टीवर सरळ उतरवता येणार नाही. म्हणूनच पुढील प्रत्येक टप्प्यात रडरचा विषय निघणार आहे.

विमानाची ओळख

कार्ल क्लेमेन्स ब्यूकर हे पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलाचे वैमानिक होते. युद्धानंतर ते स्वीडनमध्ये गेले, तेथे त्यांनी विमाननिर्मितीचा उद्योग सुरू केला आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी तो विकून ते जर्मनीत परतले. येताना त्यांनी आंडर्स आंडरसन या तरुण स्वीडिश अभियंत्याला सोबत आणले. बर्लिनच्या योहानिस्थाल विमानतळावर त्यांनी 1933 मध्ये नवी कंपनी स्थापन केली आणि आंडरसन यांनी रेखाटलेले युंगमान 27 एप्रिल 1934 रोजी तेथूनच प्रथम आकाशात झेपावले. पुढे कारखाना बर्लिनच्या दक्षिणेस रांग्सडॉर्फ येथे हलवण्यात आला.

या तारखांकडे थोडे बारकाईने पाहावे. व्हर्सायच्या तहानुसार 1934 मध्ये जर्मनीला हवाई दल बाळगण्याची मनाई होती, आणि नव्या हवाई दलाची उघड घोषणा झाली ती मार्च 1935 मध्ये. त्यामुळे सुरुवातीची युंगमान विमाने ‘हवाई क्रीडा संघटना’ असे नाव धारण करणाऱ्या संस्थेकडे गेली आणि क्रीडेच्या नावाखाली भावी लष्करी वैमानिक तयार होऊ लागले. विमान देखणे आणि निरुपद्रवी दिसत असले तरी ते कोणत्या यंत्रणेचा भाग होते, हे विसरून त्याचा इतिहास सांगता येत नाही.

युंगमानचा प्रसार जर्मनीबाहेरही मोठा झाला. जपानमध्ये लष्करासाठी आणि नौदलासाठी परवान्याने त्याची निर्मिती झाली आणि तेथे एक हजाराहून अधिक विमाने बांधली गेली. स्वित्झर्लंडमध्ये आल्टेनऱ्हाइन येथील डॉर्नियरच्या कारखान्यात ते तयार झाले. स्पेनमध्ये कासा कंपनीने ‘1.131’ या क्रमांकाने ते बांधले आणि तेथील हवाई दलाने युद्ध संपल्यानंतरही कित्येक वर्षे त्यावर विद्यार्थी घडवले. आज जगात उडत्या अवस्थेत असलेल्या युंगमानांपैकी पुष्कळ विमाने मूळची स्पॅनिश आहेत. म्हणून प्रतिकृती शोधताना ‘ब्यूकर’ आणि ‘युंगमान’ या नावांबरोबरच ‘कासा 1131’ या नावानेही शोध घ्यावा.

रचनेचा अर्थ समजून घेणे

सिम्युलेटर सुरू करण्यापूर्वी विमानाची काही मापे वाचावीत, कारण त्यांतूनच पुढचे वर्तन उलगडते. ‘ब्यू 131 बी’ या प्रमुख आवृत्तीच्या पंखांचा विस्तार 7.40 मीटर आहे आणि पंखांचे एकूण क्षेत्रफळ 13.5 चौरस मीटर आहे. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे 390 किलो, तर उड्डाणाचे कमाल वजन सुमारे 680 किलो आहे. इंजिन हिर्ट एचएम 504 जातीचे, चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे आणि सुमारे 105 अश्वशक्तीचे आहे. आधीच्या ‘ए’ आवृत्तीत 80 अश्वशक्तीचे हिर्ट एचएम 60 इंजिन होते.

हे इंजिन उलटे बसवलेले आहे, म्हणजे त्याचे सिलिंडर खाली लोंबतात आणि क्रँकशाफ्ट वर राहतो. त्यामुळे विमानाचे नाक वरच्या बाजूने निमुळते होते आणि वैमानिकाला बाजूने थोडे अधिक दिसते. तरीही विमान जमिनीवर शेपटी टेकवून उभे असते तेव्हा समोरचे दृश्य जवळजवळ झाकले जाते, त्यातच एकट्याने उडताना वैमानिक मागच्या आसनावर बसतो, त्यामुळे पुढचे आसन, पुढची काच आणि वरचा पंख हे सारे त्याच्या नजरेच्या आड येते. प्रतिकृतीत पुढच्या आसनावरून पाहण्याची सोय असते आणि नवखे लोक तिचा मोह धरतात. तो टाळावा, कारण या विमानात अंदाज बांधायला शिकायचे असते ते मागच्या आसनावरूनच.

धड पोलादी नळ्यांचे, पंख लाकडी आणि दोन्हींवर कापडाचे आवरण, अशी बांधणी आहे. दोन्ही पंख 11 अंशांनी मागे झुकलेले आहेत आणि एलेरॉन, म्हणजे विमान डावीकडे-उजवीकडे झुकवणारी पंखांच्या मागच्या कडेची पाती, वरच्या व खालच्या अशा दोन्ही पंखांवर आहेत. एकूण चार एलेरॉनमुळे विमान कुशीवर वळण्यात अतिशय चपळ आहे. तत्कालीन ब्रिटिश टायगर मॉथमध्ये एलेरॉन केवळ खालच्या पंखांवर होते, त्यामुळे दोन्ही विमाने आभासी हँगरमध्ये असतील तर एकापाठोपाठ एक उडवून हा फरक अवश्य अनुभवावा. फ्लॅप, म्हणजे उतरताना वेग आणि उंची घटवण्यासाठी खाली सोडायची पंखांची पाती, मात्र युंगमानला नाहीत. चाके आत ओढण्याची सोय नाही, नाकावरच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलण्याची सोय नाही. वैमानिकाच्या हाती उरते ती काठी, रडर आणि थ्रॉटल. इतकी मोजकी साधने असल्यामुळे काय चुकले हे शोधणे सोपे जाते आणि प्रशिक्षणासाठी तेच हवे असते.

सिम्युलेटर आणि प्रतिकृती निवडणे

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअर हे तीन पर्याय नवख्यांच्या आवाक्यातले आहेत. फ्लाइटगिअर मुक्त आणि विनामूल्य आहे, तुलनेने जुन्या संगणकावरही चालते आणि विमाने डाउनलोड करण्याची सोय त्याच्या प्रारंभीच्या खिडकीतच दिलेली आहे. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर विमानाच्या आकाराचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर पडणारा जोर मोजतो, त्यामुळे प्रतिकृतीचा आकार मुळाशी प्रामाणिक असेल तर तिचे वर्तनही बहुधा त्या दिशेने जाते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची भूदृश्ये सर्वांत देखणी आहेत आणि खिडकीबाहेर पाहून उडवण्याच्या विमानासाठी ही लहानसहान गोष्ट नाही. ज्याच्याकडे जो सिम्युलेटर आहे त्याने त्यातच सुरुवात करावी, केवळ एका विमानासाठी नवा विकत घेऊ नये.

प्रतिकृती घेताना ती नेमक्या कोणत्या सिम्युलेटरच्या कोणत्या पिढीसाठी आहे हे आधी वाचावे. जुन्या पिढीसाठी बनवलेली फाइल नव्या पिढीत टाकली तर पुष्कळदा विमान दिसते पण उपकरणे मृत असतात, किंवा उड्डाणाचे वर्तन चमत्कारिक होते. मायक्रोसॉफ्टच्या 2020 पासूनच्या सिम्युलेटरात अशी भर ‘कम्युनिटी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकावी लागते, तर एक्स-प्लेनमध्ये ‘एअरक्राफ्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये. झिप फाइल उघडताना फोल्डरच्या आत पुन्हा त्याच नावाचे फोल्डर तयार झालेले नाही ना, हे पाहावे. विमान यादीत न दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते. सोबत आलेले माहितीपत्रक, मग ते दोन पानांचे का असेना, उड्डाणापूर्वी वाचावे.

रंगसंगतीबद्दल दोन शब्द. युद्धापूर्वीच्या विमानांवर ‘डी’ ने सुरू होणारी नागरी नोंदणी असे. युद्धकाळात प्रशिक्षण विमानांवर चार अक्षरांचा संकेत आला, त्यातील दोन अक्षरे धडावरच्या क्रॉसच्या एका बाजूस आणि दोन दुसऱ्या बाजूस असत. शेपटीवरचे नाझी चिन्ह अनेक रचनाकार वगळतात. जर्मनीत त्या चिन्हाच्या सार्वजनिक प्रदर्शनावर कायदेशीर निर्बंध आहेत, आणि इतिहासाची काटेकोर नोंद हा हेतू नसेल तर ते वगळण्याने छंदाचे काहीच बिघडत नाही. स्पॅनिश, स्विस किंवा आजच्या खासगी मालकांच्या रंगसंगती विपुल आहेत आणि दिसायलाही अधिक प्रसन्न आहेत.

साधने आणि मांडणी

पायांनी चालवायचे रडर पेडल असतील तर उत्तम, नसतील तर दांडा पिळून रडर चालवता येणारी जॉयस्टिक चालेल. कीबोर्डच्या कळांनी रडर दाबण्याचा मार्ग मात्र या विमानासाठी सोडून द्यावा, कारण येथे रडर किंचित, वारंवार आणि क्षणात मागे घेत द्यावा लागतो आणि कळ दाबून ते साधत नाही.

यानंतर सिम्युलेटरच्या मांडणीत जाऊन साहाय्याच्या सर्व सोयी तपासाव्यात. आपोआप रडर देणारी सोय, उड्डाणाच्या वेळी दिशा सांभाळणारी सोय आणि विमान आपोआप समतोल ठेवणारी सोय, या तिन्ही बंद कराव्यात. नवख्यांना हा सल्ला उलटा वाटतो. परंतु या सोयी चालू असताना विमान सरळ धावले, तर ते आपल्यामुळे धावले की यंत्रामुळे, हे कळण्याचा मार्ग राहत नाही, आणि एखाद्या दिवशी आडव्या वाऱ्यात ती मदत अपुरी पडली की शिकलेले सारे निरुपयोगी ठरते. विमान मोडल्यावर उड्डाण थांबवणारी सोय हवी तर बंद ठेवावी, त्याने शिकण्यात बाधा येत नाही.

जॉयस्टिकच्या संवेदनशीलतेचा वक्र मध्यभागी किंचित सपाट करावा, कारण युंगमानचे एलेरॉन हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देतात आणि टेबलावरची आखूड जॉयस्टिक खऱ्या लांब काठीच्या तुलनेत तोच परिणाम फार थोड्या हालचालीत घडवते. रडरचा वक्र मात्र शक्यतो सरळ ठेवावा. कॅमेऱ्याची उंची अशी लावावी की डोके पुढच्या काचेच्या वर किंचित यावे, आणि डावीकडे व उजवीकडे तिरपे खाली पाहण्यासाठी दोन दृश्ये सहज दाबता येतील अशा बटणांवर नेमावीत. लँडिंगच्या वेळी याच दोन दृश्यांवर सगळी भिस्त असते.

जर्मन उपकरणे वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दाखवतात. नॉटची सवय असलेल्यांनी तीन आकडे लक्षात ठेवावेत: ताशी 82 किलोमीटर म्हणजे सुमारे 44 नॉट, 110 म्हणजे सुमारे 59 नॉट आणि 183 म्हणजे सुमारे 99 नॉट. यांतील पहिला आकडा या विमानाचा नोंदवलेला उतरण्याचा वेग आहे आणि शेवटचा कमाल वेग. मधला आकडा चढताना आणि धावपट्टीकडे येताना सुरुवातीचा अंदाज म्हणून धरावा. प्रतिकृतीच्या माहितीपत्रकात वेगळा आकडा दिला असेल तर तो मानावा.

वजनाच्या मांडणीत आणखी एक गोष्ट करावी. एकट्याने उडायचे असेल तर पुढच्या आसनावरचे वजन शून्य करावे. अनेक प्रतिकृतींमध्ये तेथे प्रशिक्षकाचे वजन आधीच घातलेले असते, आणि 105 अश्वशक्तीच्या विमानात एक धडधाकट माणूस कमी-जास्त झाला की चढण्याचा वेग लगेच बदलतो.

इंजिन सुरू करणे आणि जमिनीवर चालवणे

खऱ्या युंगमानचे इंजिन हाताने पंखा फिरवून किंवा हँडलने सुरू करत. प्रतिकृतीत हे काम एखाद्या कळीवर किंवा बाहेर उभ्या असलेल्या मदतनीसावर सोपवलेले असते. क्रम साधा आहे: इंधनाचा नळ उघडावा, थ्रॉटल किंचित पुढे घ्यावा, चाके अडवलेली आहेत याची खात्री करावी, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन यंत्रणा) दोन्हींवर आणावेत आणि मग पंखा फिरवावा. इंजिन धरल्यावर प्रथम तेलाचा दाब पाहावा, आणि तेल गरम होईपर्यंत इंजिन मंद गतीने चालू द्यावे. त्यानंतर फेरे वाढवून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहावा. फेरे किंचित घटले पाहिजेत. अजिबात घटले नाहीत तर प्रतिकृतीत ही व्यवस्था केवळ चित्रापुरती आहे असे समजावे.

जमिनीवर चालताना समोरचे दिसत नसल्याने नागमोडी जावे लागते. नाक डावीकडे वळवून उजव्या बाजूने पुढे पाहावे, मग उजवीकडे वळवून डाव्या बाजूने पाहावे. हा भाग उरकून टाकण्याची घाई करू नये, कारण रडरच्या शिक्षणाचा पहिला तास हाच आहे. शेपटीच्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक एका बाजूस वळू लागले की मागचे वजन ते वळण वाढवत नेते आणि लक्ष न दिल्यास विमान जागच्या जागी गरकन फिरते. म्हणून वळण सुरू होताच विरुद्ध रडर देऊन ते थांबवावे आणि थांबताक्षणी रडर मध्यावर आणावे. रिकाम्या विमानतळावर फक्त जमिनीवर फेऱ्या मारण्यात पूर्ण एक बैठक खर्च केली तरी ती वाया जात नाही.

उड्डाण घेणे

त्या काळातील प्रशिक्षणाची मैदाने बहुधा गवताची आणि सर्व बाजूंनी मोकळी असत, त्यामुळे विद्यार्थी नेहमी थेट वाऱ्याच्या तोंडावर उडत असे. सिम्युलेटरमधील काँक्रीटच्या धावपट्टीची दिशा ठरलेली असते आणि वारा कोठूनही येतो. म्हणून पहिल्या सरावासाठी गवताची धावपट्टी निवडावी आणि हवामानाच्या मांडणीत वारा शून्य करावा, किंवा धावपट्टीच्या दिशेने अगदी मंद ठेवावा. गवतावर चाके बाजूला थोडी सरकली तरी विमान सावरते. काँक्रीटवर चाक पकडते आणि विमान उलटण्याची भीती वाढते.

विमान धावपट्टीशी सरळ करून, काठी मागे धरून थ्रॉटल सावकाश पुढे न्यावा. पूर्ण शक्ती येईपर्यंत मनात चार आकडे मोजता येतील इतका अवधी द्यावा. शक्ती वाढताच नाक एका बाजूस ओढले जाईल. ते कोणत्या बाजूस जाईल हे पंख्याच्या फिरण्याच्या दिशेवर अवलंबून असते, आणि वेगवेगळ्या इंजिनांच्या विमानांत ती दिशा वेगळी असू शकते, म्हणून पाठांतर करण्यापेक्षा पहिल्या धावेत अर्ध्या शक्तीवर स्वतः पाहून घ्यावे. वेग वाढला की काठी हळूहळू पुढे आणून शेपटी उचलावी. शेपटी उचलली जात असताना फिरणाऱ्या पंख्याच्या भोवऱ्यासारख्या (जायरो) परिणामामुळे नाकाला पुन्हा एक झटका बसतो, आणि नवख्यांची बहुतेक विमाने याच क्षणी धावपट्टीबाहेर जातात. शेपटी जितकी संथपणे उचलावी तितका हा झटका सौम्य. विमान तयार झाले की ते स्वतःच जमीन सोडते, त्याला ओढून काढू नये. जमीन सुटल्यावर लगेच नाक उंच न करता वेग 110 च्या आसपास येऊ द्यावा आणि मग तोच वेग राखून चढावे.

हवेतला सराव

एक हजार मीटर उंचीवर गेल्यावर प्रथम वळणे घ्यावीत. एलेरॉन दिले की नाक क्षणभर वळणाच्या उलट दिशेला सरकते, त्यासाठी त्याच क्षणी वळणाच्या बाजूचा रडर द्यावा लागतो. उपकरणफलकावरील, विमान बाजूला घसरते का हे दाखवणारा चेंडू मध्यावर राहिला तर दोन्हींचा मेळ बसला असे समजावे. मात्र चेंडूकडे सतत टक लावून बसू नये. क्षितिजावर एखादे ठिकाण धरून विमान डावीकडे-उजवीकडे झुकवत राहावे आणि नाक त्याच ठिकाणी खिळलेले राहते का ते पाहावे, हा जुना आणि फार उपयोगी सराव आहे.

मग स्टॉल, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून उचल अचानक घटण्याची अवस्था. थ्रॉटल बंद करून उंची राखण्याचा प्रयत्न करत काठी सावकाश मागे आणावी. वेग घटेल, काठी सैल वाटू लागेल आणि अखेर नाक खाली जाईल. या क्षणी एखादा पंख झुकला तर तो एलेरॉनने उचलण्याची उबळ आवरावी, कारण स्टॉलच्या सीमेवर एलेरॉन दिल्याने तोच पंख अधिक खोल स्टॉलमध्ये जाऊ शकतो. काठी पुढे द्यावी आणि झुकण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर द्यावा. विमान गरगरत खाली जाऊ लागले, तर थ्रॉटल बंद ठेवून फिरण्याच्या विरुद्ध पूर्ण रडर द्यावा, काठी पुढे न्यावी, फिरणे थांबताच रडर मध्यावर आणून सावकाश बाहेर यावे. प्रतिकृतीत विमान कितीही ओढले तरी स्टॉल होतच नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या 2020 च्या सिम्युलेटरात उड्डाणाचे वर्तन ‘जुन्या’ पद्धतीवर ठेवलेले नाही ना, हे मांडणीत तपासावे.

हवाई कसरतींसाठी हे विमान प्रसिद्ध आहे आणि लूप व रोल त्यावर लवकर जमतात. लूपसाठी, म्हणजे उभ्या वर्तुळासाठी, थोडा सूर मारून वेग घ्यावा, काठी एकसारखी ओढावी आणि डोक्यावर आल्यावर ओढ किंचित सैल करावी. 105 अश्वशक्तीत उंची आणि वेग दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे लागोपाठ कसरती करताना उंची हळूहळू खर्च होत जाते, हे उंचीच्या उपकरणाकडे पाहून ध्यानात ठेवावे.

उतरणे

या विमानाची खरी परीक्षा लँडिंगमध्ये होते आणि म्हणून येथे अधिक वेळ द्यावा. फ्लॅप नसल्यामुळे उंची जास्त राहिली तर ती घटवण्याचा मार्ग म्हणजे साइडस्लिप. एका बाजूस पंख झुकवून विरुद्ध रडर द्यावा. विमान तिरपे सरकत, वेग न वाढवता, झपाट्याने खाली येते. या पद्धतीचा दुसरा फायदा असा की नाक बाजूला गेल्याने धावपट्टी दिसत राहते. सुरुवातीला दोनशे मीटर उंचीवर, धावपट्टीपासून दूर, हा सराव वेगळा करावा आणि तो जमल्यावरच धावपट्टीसमोर वापरावा.

धावपट्टीकडे सरळ लांबून येण्यापेक्षा वळत वळत यावे, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत ती पंखाच्या बाजूने दिसते. वेग 110 च्या आसपास ठेवावा. तो 130 असेल तर विमान जमिनीवर तरंगत राहील आणि टेकताच उडी मारेल. जमीन जवळ आल्यावर थ्रॉटल बंद करून नाक सपाट करावे आणि विमान जमिनीपासून अर्धा-एक मीटरवर धरून ठेवावे. आता ते खाली बसू पाहील. ते बसू नये म्हणून काठी हळूहळू मागे घेत जावी. काठी पूर्ण मागे येईल तेव्हा विमानाची अवस्था जमिनीवर उभे असतानाच्या अवस्थेसारखी झालेली असेल आणि ते तिन्ही चाकांवर एकदम टेकेल. यालाच तीन बिंदूंचे लँडिंग म्हणतात. या वेळी समोर काहीच दिसणार नाही, म्हणून नजर डावीकडे तिरपी, दहा-पंधरा मीटर पुढच्या गवतावर ठेवावी. उंचीचा अंदाज तेथून येतो.

विमानाने उडी मारली तर ते पुन्हा खाली ढकलू नये. उडी लहान असेल तर काठी स्थिर धरून पुन्हा टेकू द्यावे. मोठी असेल तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा चक्कर मारावी. टेकल्यानंतर काम संपले असे मानणे ही नवख्यांची सर्वांत महाग सवय आहे. वेग घटताना रडरवरून वाहणारी हवा कमी होत जाते, म्हणजे विमान सरळ ठेवण्याची गरज असते तेव्हाच रडरची ताकद ओसरत असते. चालण्याच्या गतीपर्यंत पाय हलते ठेवावेत, काठी पूर्ण मागे धरावी, आणि प्रतिकृतीत ब्रेक असतील तर ते अगदी शेवटी, तेही हलकेच वापरावेत.

प्रतिकृती कितपत खरी आहे हे तपासणे

दोन-चार उड्डाणे झाल्यावर एक छोटी तपासणी करून पाहावी. हवामान प्रमाणित ठेवावे, म्हणजे समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सियस, 1013 हेक्टोपास्कल दाब आणि शून्य वारा. वजन 680 किलोपर्यंत भरावे. समुद्राजवळ कमी उंचीवर सपाट उडत पूर्ण शक्ती द्यावी आणि वेग स्थिर झाल्यावर नोंदवावा. ‘बी’ आवृत्तीसाठी तो ताशी 183 किलोमीटरच्या जवळ असावा. नंतर कमाल उंची गाठण्याचा प्रयत्न करावा. सुमारे 3000 मीटरच्या पुढे विमानाची चढ रेंगाळली पाहिजे. प्रतिकृती 5000 मीटरवरही उत्साहाने चढत असेल, तर रचनाकाराचे इंजिन मुळापेक्षा उदार आहे. अशी प्रतिकृती टाकून देण्याची आवश्यकता नाही, पण तिच्यावर बेतलेले चढण्याचे अंदाज खऱ्या विमानाचे म्हणून सांगू नयेत. आकडे जुळले तरी जमिनीवरचे वर्तन वेगळे पाहावे. रडर न देता पूर्ण शक्तीवर सरळ धावणारे युंगमान, त्याच्या रंगातील बारकावे कितीही सुंदर असोत, प्रशिक्षणाच्या कामाचे नाही.

कोठे उडावे

रांग्सडॉर्फचा परिसर सुरुवातीसाठी योग्य आहे. भूभाग सपाट आहे, तळ्याची खूण जवळ आहे आणि उत्तरेला बर्लिन दिसते. येथेच पुढे उद्योजिका म्हणून प्रसिद्ध झालेल्या जर्मन वैमानिक बेआटे उझे यांनी उड्डाणाचे शिक्षण घेतले आणि पुढे ब्यूकरच्या कारखान्यात काही काळ काम केले. 20 जुलै 1944 रोजी हिटलरवर बॉम्बहल्ला करण्यासाठी जर्मन लष्करी अधिकारी क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग यांनी पूर्व प्रशियाकडे उड्डाण केले तेही याच मैदानावरून. आज तेथे विमानतळ चालू नाही, त्यामुळे सिम्युलेटरात तो नसेल तर जवळचे श्योनहागेन निवडावे. डोंगर हवे असतील तर आल्टेनऱ्हाइनहून बोडेनझे सरोवराच्या काठाने उडावे.

पुण्याच्या वाचकांना एक वेगळा प्रयोग घरच्याच भूगोलात करता येतो. लोहगाव समुद्रसपाटीपासून 592 मीटर उंचीवर आहे. त्या उंचीला प्रमाणित तापमान सुमारे 11 अंश असते. मे महिन्यातील दुपारचे 40 अंश हवामानाच्या मांडणीत घातले, तर हवेची घनता सुमारे 1600 मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ होते. म्हणजे 3000 मीटरची मर्यादा असलेल्या या विमानाने आपली निम्म्याहून अधिक कुवत जमीन सोडण्यापूर्वीच गमावलेली असते. पुढच्या आसनावर प्रशिक्षक बसवून, टाकी भरून, लोहगावहून उडावे आणि सिंहगडाच्या दिशेने चढण्याचा प्रयत्न करावा. नंतर तेच उड्डाण जानेवारीतील पहाटेचे 10 अंश ठेवून पुन्हा करावे. फरक पहिल्या किलोमीटरमध्येच जाणवतो.

पुढचे विमान कधी घ्यावे

आडव्या वाऱ्यात, काँक्रीटच्या धावपट्टीवर, मागच्या आसनावरून, कोणत्याही साहाय्याविना सलग दहा वेळा सुरक्षित उतरता येऊ लागले की पुढे जाण्यास हरकत नाही. जर्मन प्रशिक्षणाच्या क्रमात त्यानंतरचे विमान म्हणजे आराडो 96. ते धातूचे एकपंखी विमान होते, त्याचे आर्गुस इंजिन साडेचारशेहून अधिक अश्वशक्तीचे होते, चाके आत जात आणि पंखांना फ्लॅप होते. म्हणजे युंगमानमध्ये नसलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तेथे एकदम हाताळावी लागते, आणि शेपटी मात्र तशीच जमिनीवर टेकलेली असते.